नाजूक गाडीला ट्रकचा नॉब

"मुठीत आवळू नको वं. तळवा ठेव अन् ढकल. त्याची जागा त्याले माहीत असते."

यांचा हा आवाज एकसष्ट सालचा, नरखेडच्या आमच्या संत्र्याच्या बगिच्यातला. मनसरच्या खाणीवरचा इंग्रज साहेब मायदेशी गेला, तेव्हा त्याची लाल, दोन माणसांची स्पोर्ट्स कार यांनी घेतली होती. हौसेनं मला गिअर टाकायला शिकवू लागले. मी देवाचं नाव घेत विहिरीभोवती एक फेरी मारली, खाली उतरले आणि पुन्हा कधी स्टिअरिंगच्या बाजूला बसले नाही. गाडी विसरले, पण ते वाक्य राहिलं.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत यांना लकवा मारला. डावी बाजू गेली. दवाखान्यात तोंड वाकडं झालेलं असताना मला म्हणाले, "बरा झालो का तुले याच गाडीनं रामटेकले नेतो. मीच चालवीन." मीही मनातल्या मनात रामरायाला बोलून बसले. ते घडेपर्यंत रोज सकाळी नैवेद्य दाखवीस्तोवर मी मौन पाळीन. काय मागितलं ते यांना सांगितलं नाही. नवस सांगायचा नसतो.

पाय परत आला, क्लच दाबता येऊ लागला. डाव्या हाताची बोटं मात्र मिटेनात. गिअरच्या दांड्यावरचा नॉब बोराएवढा आणि गुळगुळीत. हातातून निसटायचा. दोनदा बसून पाहिलं यांनी. दुसऱ्यांदा बराच वेळ गाडीतच बसून राहिले, मग स्वतःच तिच्यावर चादर घातली.

"ओमप्रकाशले निरोप दे. रविवारी घेऊन जाय म्हणा." ओमप्रकाश हा यांचा पुतण्या. "पडून पडून सडण्यापेक्षा पोरगा चालवीन तरी."

मी "बरं" म्हटलं. यांच्यापुढे माझा आवाज तसाही कधी चढला नाही. पण गुरुवारी दुपारी नागपुरातल्या आमच्या धंतोलीच्या घरून रिक्षा करून चंद्रभानच्या गॅरेजात गेले. हा यांचा जुना मिस्त्री, हे स्वतः ट्रक चालवायचे तेव्हापासूनचा.

"नॉब बदलायचा आहे," मी म्हटलं.

"काहून वहिनी? ओरिजिनल हाये तो. असा आता नागपुरात शोधून सापडत नाही."

"यायच्या हाताले तो सापडून नाही राहिला, चंद्रभान. मोठा पाहिजे. तळव्यात मावीन असा."

त्यानं फळीवरच्या डब्यात खडखड करून एक काळा गोळा काढला, छोट्या संत्र्याएवढा. "तुमच्या पयल्या ट्रकचा. ट्रक भंगारात गेला, हा मीच ठेवला. भाऊंनी दहा वर्सं याच्यावर हात ठेवला ना." त्यानं तो माझ्या हातात दिला. एका बाजूनं झिजून चपटा झाला होता. "पण आटे जुळत नाहीत. याचं भोक मोठं, गाडीचा दांडा बारीक. मधात पितळेची बुशी लागीन. बाहेरून ट्रकचे आटे, आतून गाडीचे. खराद्याकडून करून घेतो. पितळ आणतो बजारातून."

"पितळ माझ्याजवळ आहे."

सासूबाईंच्या समईचा मोडका दांडा किती वर्षं देवघरात फडक्यात गुंडाळून होता. पूजेचं पितळ मोडीत द्यायला मन होत नव्हतं. त्या संध्याकाळी देवाला विचारलं, नमस्कार केला आणि तो चंद्रभानकडे पाठवला.

शनिवारी हे वामकुक्षीला पडले असताना चंद्रभान नॉब बसवून गेला. जाताना म्हणाला, "भाऊ मले शिव्या देतील पाहा."

रविवारी सकाळी मी तुळशीपाशी होते. ओमप्रकाश दहाला येणार, म्हणून हे गाडी पुसायला गेले. चादर काढली आणि थांबले.

"हे कोणाचं काम वं? नाजूक पोरीच्या मानेवर पहेलवानाचं मुंडकं बसवलं."

नैवेद्य अजून व्हायचा होता; मी जपमाळ ओढत राहिले.

"हो, तुले आता बोलता येत नाही. वेळ मोठी पाहून साधली."

कुरकुरत आत बसले. क्लच दाबला, डावा हात नॉबवर नेला. बोटं मिटवायला गेले, मिटली नाहीत. मान खाली गेली. मी जपमाळ पदरात खोचली आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूनं जाऊन बसले. त्यांची बोटं एकेक करून सरळ केली. सगळा तळवा गोळ्यावर टेकवला आणि वर माझा हात ठेवून पुढे रेटला.

खट्.

हे माझ्याकडे बघत राहिले. "मीच शिकवलं होतं नाही तुले? विहिरीजवळ."

मी मान हलवली आणि हात काढून घेतला. मग यांनी एकट्यानं दुसरा टाकला. तिसऱ्याला दांडा अडला. पुन्हा टाकला. गोळ्याच्या झिजलेल्या बाजूवर त्यांचा तळवा बरोबर बसला होता.

घरात गेले, आंघोळ केली, पांढरी टोपी घातली. उजव्या हातानं चिठ्ठी लिहिली आणि फाटकाला खोचली. "ओमप्रकाश, गाडी आज रिकामी नाही. चहा शेजारी पिऊन घे."

मी नैवेद्याचा शिरा डब्यात भरला. आज तो घरी नाही, रामटेकला रामापुढे दाखवायचा होता.

डबा पाहून यांना उमगलं. "म्हणजे रामटेकपर्यंत मी एकट्यानंच बोलायचं?"

पण तेही बोलले नाहीत. नारळ माझ्या मांडीवर ठेवला, इंजिन सुरू केलं आणि कामठी रोडच्या दिशेनं गाडी हळूच फाटकाबाहेर काढली.