चिनहटचा चढता आलेख

पडद्यावरची तांबडी रेघ वर चढली आणि चारशे माणसांनी हात जोडले.

लखनौजवळच्या चिनहटमधल्या बंद पडलेल्या चिनीमातीच्या कारखान्याची शेड, १९९५ चा ऑक्टोबर, रविवारची सकाळ. व्यासपीठावर मूर्ती नव्हती, धुनी नव्हती, हवेतून काढलेली राख नव्हती. ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. सतरंजीवर बसलेले लोकही राखेला हसणारे होते: बँकांतले अधिकारी, टेलिफोन खात्यातले इंजिनिअर, कॉलेजातले प्राध्यापक, बख्शी का तालाबच्या तळावरून आलेली हवाई दलातली कुटुंबं. अशा माणसांना लुबाडायला आलेख लागतो, आणि नादेश्वर स्वामींना ते पक्कं ठाऊक होतं. संन्यासापूर्वी ते कुठल्याशा पॉलिटेक्निकमध्ये शिकवत असत.

“मुझे मत मानिए। मैं कौन हूँ? विज्ञान को मानिए,” स्वामी मऊ आवाजात म्हणाले आणि पडद्यावर काठी टेकवली. देशातल्या विज्ञान-नियतकालिकांची जी वार्षिक सूची निघते, तिच्यात १९८९ साली नादचिकित्सेवर चार शोधनिबंध होते, १९९४ साली दोनशे बारा. मग निळी रेघ आली, वरून खाली घसरणारी. इन्सुलिनवर तेव्हा शहाऐंशी निबंध होते, आता तेवीस. शास्त्रज्ञ स्वतःच इन्सुलिन सोडून चालले आहेत, तुम्ही कशाला धरून बसलात? ज्याला शंका असेल त्याने ग्रंथालयात जाऊन स्वतः मोजावं.

व्यासपीठाच्या कडेला तांब्याचा हंडा होता. काशाच्या थाळीचा नाद ऐकून आपला मधुमेह बरा झाला असं मानणारे लोक आपली इन्सुलिनची बाटली त्यात टाकत आणि नमस्कार करून खाली उतरत.

शेवटच्या रांगेत सुनीती बसली होती. शहरातल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात तिची बावीस वर्षं गेली होती. कुठल्या विषयावर किती लिहिलं गेलं, ते कशात छापलं, कुठं वाढलं, कुठं घटलं, हे मोजणं हेच तिचं काम. ती हौसेने आली नव्हती. धाकटी बहीण मधुमती हात धरून घेऊन आली होती, कारण मधुमतीचा नवरा चंद्रहास यांनी ठरवलं होतं की पुढच्या रविवारी त्यांच्या अकरा वर्षांच्या स्वरदाची बाटलीही त्या हंड्यात जाईल.

चंद्रहास मूर्ख नव्हते. साताऱ्याहून बदलून आलेले बँक अधिकारी, कागद दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारे. पण चार वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ मुलीला सुई टोचत होते ते तेच. मांडीवर जागा उरली नाही, की ती न रडता दंड पुढे करायची. तिचं ते न रडणं त्यांना सोसवत नव्हतं.

सोमवारी सुनीतीने सूचीचे दोन्ही सालांचे खंड काढले आणि मोजले. चार, दोनशे बारा. शहाऐंशी, तेवीस. पुन्हा मोजले. तेच आले.

दुपारी चंद्रहासांचा फोन आला.

“ताई, आकडे खोटे आहेत का? एवढंच सांगा.”

“आकडे बरोबर आहेत. पण...”

“पण काय?”

“ते मला अजून कळलेलं नाही.”

“अच्छा. मग झालं तर.”

फोन बंद झाला. नेमकं तेवढंच बोलायची सवय तिला बावीस वर्षांत लागली होती. त्या सवयीचं फळ गुरुवारी समोर आलं. चंद्रहासांनी तिचं उत्तर स्वामींपर्यंत पोचवलं होतं. मधुमती ग्रंथालयात आली ती हातात शेडमागच्या आश्रमाचं पत्रक घेऊन. त्यावर ठळक छापलं होतं की सरकारी संस्थेतील तज्ज्ञ सुनीती जी यांनी सर्व आकड्यांची जातीने पडताळणी केली आहे. आता हे कुणाचंच ऐकत नाहीत, मधुमती म्हणाली, तुझं नाव दाखवतात आणि मला गप्प बसवतात.

सुनीतीने ते पत्रक टेबलावर सरळ करून ठेवलं. ती उठली आणि १९८९ पासून १९९४ पर्यंतचे सगळे खंड काढून आणले. आलेखात दोनच सालांची टिंबं होती. मधली चार वर्षं कुठं गेली?

ती भरल्यावर निळी रेघ हळूहळू घसरणारी राहिली नाही. नव्वद, एक्याण्णव साली ती जवळपास सपाट होती आणि ब्याण्णवला एकदम कडा तुटावा तशी कोसळत होती. एका वर्षात सगळे शास्त्रज्ञ एखाद्या औषधावर रुसत नाहीत. काहीतरी दुसरं हललं होतं. ते काय, हे ब्याण्णवच्या खंडाच्या प्रास्ताविकात बारीक टाइपात छापलेलं होतं: या वर्षापासून संप्रेरकांवरील निबंध स्वतंत्र दुसऱ्या भागात दिले आहेत. इन्सुलिन हे संप्रेरकच, म्हणजे हार्मोन. प्रास्ताविक कोण वाचतं? तिनेही सोमवारी वाचलं नव्हतं.

तांबड्या रेघेचं मूळ मात्र दुसऱ्या दिवशी सापडलं, तेही तिच्याच खोलीत. लखनौत छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांतल्या लेखांच्या नोंदचिठ्ठ्या भरून त्या सूचीसाठी दिल्लीला पाठवण्याचं काम तिच्याच ग्रंथालयाकडे होतं. नियम साधा होता: नोंदणी झालेलं, स्वतःला संशोधनाचं म्हणवणारं नियतकालिक दोन प्रती पाठवील, तर प्रत्येक लेखामागे एक चिठ्ठी. तिने चौऱ्याण्णवचा खोका उघडला. ‘नाद विज्ञान पत्रिका, चिनहट’. एकेका पानाचे लेख: एका रुग्णातील नादपरिणाम, भाग सदतीस. भाग अडतीस. भाग एकोणचाळीस. अशा दोनशे तीन चिठ्ठ्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात तिची स्वतःची आद्याक्षरं. मुदत तोंडावर होती म्हणून तिने त्या दोन दिवसांत उरकल्या होत्या. एकही लेख वाचला नव्हता.

स्वामींनी चमत्कार तिच्याच टेबलावर घडवून घेतला होता. तिला राग आला होता, आणि त्यातला कितीतरी राग स्वतःवरच होता.

शनिवारी संध्याकाळी ती चंद्रहासांच्या घरी गेली. दाराला कुलूप होतं. शेजारच्या भैयाने सांगितलं, साहब लोग तो आश्रम गए हैं, कल शाम को लौटेंगे।

रविवारी टेम्पोत खंडांची दोन गाठोडी घालून ती शेडमध्ये पोचली, तेव्हा स्वरदा पहिल्या रांगेत बसून पाणी पीत होती. पायाशी पाण्याच्या दोन बाटल्या रिकाम्या पडल्या होत्या. काल संध्याकाळचं आणि आज सकाळचं इंजेक्शन दिलेलं नाही, मधुमती पुटपुटली, तिची बाटली मघाशीच हंड्यात गेली. कालपासून मी भांडतेय.

स्वामींना तर सुनीतीला पाहून आनंदच झाला. “हमारी वैज्ञानिक बहन स्वयं पधारी हैं,” असं म्हणत त्यांनी मायक्रोफोन तिच्या हातात दिला.

तिने भाषण केलं नाही. चौऱ्याण्णवचा पहिला भाग उघडला आणि कुणीतरी मोठ्या आवाजात वाचणारं पुढे यावं असं म्हणाली. हवाई दलातले सार्जंट शिवाजी भोईटे उठले. वडिलांच्या मधुमेहासाठी आले होते. नादचिकित्सेखालची प्रत्येक नोंद कुठल्या नियतकालिकातली आहे, फक्त ते नाव वाचा, असं तिने सांगितलं.

“नाद विज्ञान पत्रिका, चिनहट,” भोईटे परेडच्या आवाजात म्हणाले. “नाद विज्ञान पत्रिका, चिनहट. नाद विज्ञान पत्रिका, चिनहट.”

विसाव्या वेळी मागे कुणीतरी खुदकन हसलं. तिसाव्याला अर्धी शेड त्यांच्याबरोबर म्हणू लागली.

“बहन जी, पत्रिका भी तो विज्ञान की ही है,” स्वामी हसून म्हणाले.

“छपती कहाँ है?”

“पिछवाड़े में,” कुणीतरी ओरडलं, आणि शेड हसली.

सुनीती हसली नाही. दोनशे बारापैकी दोनशे तीन इथलेच, ती म्हणाली. उरले नऊ, आणि त्यांतले तीन म्हणतात की काही उपयोग झाला नाही. सूचीत पूर्वी अठरा हजार नोंदी असत, आता एकतीस हजार आहेत. म्हणजे चाराचे नऊ होणं ही काही लाट नाही. मग तिने आवाज न बदलता पुढचं सांगितलं.

“ये दो सौ तीन पर्चियाँ मैंने भरी हैं। एक भी लेख पढ़े बिना। गलती मेरी है।”

तिने दुसरा भाग उचलला आणि तो चंद्रहासांच्या मांडीवर ठेवला.

“चंद्रहासराव, संप्रेरकं. पान तीनशे अकरा. मोजा.”

ते मोजू लागले. पेन्सिलीचं टोक ओळीओळीने खाली सरकत होतं. शेवटी त्यांनी वर न बघता सांगितलं, एकशे अठरा. आधीच्या भागातले तेवीस धरून एकशे एक्केचाळीस. पूर्वी शहाऐंशी.

“घटलं कुठंय?” ते म्हणाले.

“कुठंच नाही. सगळ्या नोंदींतला हिस्सा बघितलात, तर पूर्वीइतकाच आहे, किंचित कमी. आणि समजा घटलंच असतं, तरी काय? एखाद्या औषधावर कमी लिहिलं गेलं म्हणून ते खोटं ठरत नाही. तुमच्या मुलीच्या रक्तातली साखर सूची वाचत नाही.”

मधली चार वर्षं आलेखातून का गाळलीत, असं तिने स्वामींना विचारलं. गाळायला ती आधी पाहावी लागतात, म्हणजे ब्याण्णवचा कडा त्यांना ठाऊक होता. स्वामींनी डोळे मिटले आणि विज्ञान की भी एक सीमा होती है, असं म्हणू लागले.

“पिछले इतवार तक तो उसी को मानने को कह रहे थे,” भोईटे म्हणाले.

तेवढ्यात स्वरदा बारीक आवाजात म्हणाली, “मावशी, मुझे उल्टी आ रही है।”

चंद्रहास उठले. व्यासपीठावर चढले, कोपरापर्यंत हात हंड्यात घातला आणि स्वरदाची बाटली ओळखून काढली. झाकणावर तिने चिकटवलेली चांदणी होती. मधुमतीने पर्समधून सुई काढली. ती तिने न सांगताच आणली होती. सतरंजीवरच त्यांनी मुलीला इंजेक्शन दिलं आणि तसंच उचलून रुग्णालयात नेलं. दोन दिवस सलाईन लावावं लागलं. संध्याकाळपर्यंत उशीर झाला असता, तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी चंद्रहासांना नीट सांगितलं, आणि चंद्रहासांनी ते खाली मान घालून ऐकलं.

शेडमध्ये हंड्यापुढे रांग लागली. भोईट्यांनी हंडा सतरंजीवर पालथा केला. एकतीस बाटल्या निघाल्या. सव्वीस जणांनी आपापली ओळखली. गेल्या आठवड्यांत टाकलेल्या उन्हाने बिघडल्या असतील, नवीन घ्या, असं सुनीती प्रत्येकाला बजावत होती. पाच बाटल्या उरल्या. त्या कुणाच्या, हे आश्रमाला माहीत नव्हतं. आम्ही नावं लिहीत नाही, सब प्रभु का है, असं व्यवस्थापक म्हणाला. आठवड्याभराने स्वामी दुसऱ्या गावी निघून गेले.

औषधाच्या दुकानांच्या चिकटपट्ट्यांवरून सुनीतीने तीन माणसं शोधली. तिघंही आजारी सापडली, पण जिवंत. दोन बाटल्यांना चिकटपट्टी नव्हती. त्यांच्यासाठी तिने शहरातल्या हिंदी दैनिकात स्वतःच्या नावाने निवेदन दिलं. त्याचं मराठी असं:

“चिनहटच्या आश्रमात ज्यांनी इन्सुलिन सोडलं, त्यांनी आजच डॉक्टरांकडे जावं. तुम्हाला दाखवलेले आकडे खरे होते आणि त्यांवरून सांगितलेली गोष्ट खोटी होती. पुढे कुणी वाढती किंवा घटती रेघ दाखवली, तर विचारा: हे कुणी लिहिलं, कुठं छापलं, मधली वर्षं कुठं आहेत, मोजण्याची रीत मधेच बदलली का. पण हे सगळं नंतर. आधी इंजेक्शन घ्या. फसल्याची लाज वाटून घरी बसू नका. त्या आकड्यांमागच्या नोंदी मी लेख न वाचता लिहिल्या होत्या. लाज मला वाटायला हवी, आणि वाटते आहे.”