परक्या घोट्याचे ऋतू

हेमंत आला की कृष्णाकाठचा ऊस तुऱ्यावर येतो. रुपेरी तुरे, राखाडी तुरे. पहाटेच्या धुक्यात नतमस्तक, दुपारच्या उन्हात उन्मत्त. लक्ष लक्ष तुरे, लक्ष लक्ष चवऱ्या. आणि ज्याच्यावर त्या ढाळाव्यात असा राजा मात्र पंचक्रोशीत एकही नाही.

नाही म्हणायला, संग्रामदादा आहेत.

ताकरवाडीच्या एसटी थांब्यावर ते उभे आहेत. म्हणजे त्यांचा फ्लेक्स उभा आहे. शुभ्रवस्त्र, हेमकंकण, हास्यवदन, करबद्ध. भावी जिल्हा परिषद सदस्य. कधीपासून भावी, हे आता त्यांनाही आठवत नसावे. काही माणसे भावी म्हणूनच जन्मतात आणि भावी म्हणूनच निवृत्त होतात. त्यांच्या कोपरापाशी, शुभेच्छुकांच्या मटारदाण्यांएवढ्या मुखकमलांच्या वर, एक कृश, श्यामल, धनुष्याकृती तरुण चढाईच्या पवित्र्यात वाकला आहे. त्याच्या पायाखाली अक्षरे : महालीगचा वाघ, ताकरवाडीचा सुपुत्र, वैजनाथ मगदूम.

फ्लेक्सच्या मागे ऊस. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडू लागतो, हे या गावात सगळ्यांना ठाऊक. पण तुरा दिसतो मोठा शोभिवंत. आणि फोटो तुऱ्याचाच काढतात.

वैजनाथ कबड्डी खेळे, आणि कबड्डी मातीत खेळे. ताकरवाडीचे मैदान म्हणजे नदीची गाळमाती. चाळलेली, भिजवलेली, रोलरखाली निजवलेली. कपिलवर्णी, मऊ, ओलसर, मातीच्या मानाने जरा अधिकच मानी. तिच्यावर फक्कीच्या शुभ्र रेषा. संध्याकाळी सूर्य तिरपा झाला की त्या रेषा पेटत, आणि सात देहांच्या सात सावल्या एकमेकींच्या पायांत पाय घालून पडत.

इथला न्याय मातीचा. चढाईला गेलेला गडी प्रतिपक्षाच्या अंगणात खोल शिरतो, बोनस रेषेपलीकडे एक पाऊल टेकवतो, दुसरे हवेत झुलवतो. तेवढ्यावर एक गुण. पण पाऊल टेकले की नुसतेच भिरभिरले, या प्रश्नावर पूर्वी डोकी फुटत. म्हणून या गावाची एक रीत पडली. पाऊल टेकवावे, आणि वळून त्याच्याकडे बघावे. बघणाऱ्याला तेवढा क्षण कोणी धरत नाही. पंच धावत येतो, गुडघे टेकतो, देवाच्या पादुका निरखाव्यात तसा तो ठसा निरखतो. अंगठा रेषेपलीकडे उमटलेला दिसला की हात वर करतो. पुढे खेळ सुरू.

ठशाशी कोणी वाद घालत नाही. माती खोटे बोलत नाही असे काही नव्हे. तिला कोणी विचारायच्या आत ती सांगून मोकळी झालेली असते, एवढेच.

या मातीतून वैजनाथला महालीगने उचलले. दख्खन वादळ नावाच्या संघाने.

वादळ शहरात राही. वातानुकूलित राही. वादळाला मालक होता, मालकाला सिमेंट होते, आणि सिमेंटच्या जाहिरातीला समरजित होता. समरजित म्हणजे संघाचा सूर्य : कोटिप्रभ, कुरळकेश, कर्णभूषणमंडित. तो चढाईला निघाला की दिवे निळे होत, धूर सुटे, आणि धुरातून तो असा प्रकटे की समुद्रमंथनातून चौदा रत्ने निघाली तेव्हा पंधरावे संकोचाने मागे राहिले असावे, असे वाटे. या सूर्याला एकच ग्रहण. त्याचा डावा घोटा.

घोटा दुखला, की वैजनाथ वर. घोटा बरा झाला, की वैजनाथ खाली.

वर म्हणजे मुख्य संघ : निळी जर्सी, मऊ गादी, न्याहारीला कलिंगडाचे कोरलेले हंस. खाली म्हणजे राखीव संघ : शहराबाहेरची पत्र्याची शेड, घामट गाद्या, आणि शेडलाही गरज नसेल तेव्हा घर, ताकरवाडी, म्हशी. वर असताना त्याने बाकावर बसायचे. टॉवेल घेऊन बसायचे. कॅमेरा आला की मूठ वळायची, जबडा आवळायचा, ज्वालामुखी दिसायचे. कॅमेरा गेला की पुन्हा टॉवेल. सगळा एक हंगाम तो असा ज्वालामुखी होता. जर्सीला घामाचा डाग नव्हता. चढाई एकही नाही.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे शाळेत शिकवतात. घोट्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांविषयी पाठ्यपुस्तक मूग गिळून आहे.

त्याला हवी होती एक चढाई. फक्त एक. चषक नको, हंस नको, धूर तर नकोच. एकदा त्या उजेडात आत शिरावे, रेषेपलीकडे पाऊल टेकवावे, आणि आपण होतो हे कुठेतरी उमटावे.

गावाला त्याच्या चढाईशी कर्तव्य नव्हते. गावाला फ्लेक्स होता.

वैजनाथ पहिल्यांदा खाली आला तेव्हा फ्लेक्स उतरवावा, असे कोणीतरी सुचवले. दादांनी समजावले की त्यावर ते स्वतःही आहेत, आणि ते काही खाली आलेले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांच्या गोठ्यातला बादल शर्यतीत पहिला आला. मग बादलचे मस्तक छापून आणले, आणि खळ लावून वैजनाथच्या मस्तकावर चिकटवले. खाली चढाईपटूचे धड, वर बैलाचे मुख. नृसिंहानंतरचा हा पहिलाच गंभीर प्रयत्न असावा. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी दोघातिघांनी हातही जोडले.

घोटा पुन्हा दुखला. वैजनाथ वर गेला. बादल खरवडला गेला. एक शिंग मात्र निघेना.

पुन्हा खाली आला तेव्हा त्याने एसटीतून उतरताना ते पाहिले : आपला चेहरा, आपले डोळे, आणि डाव्या कानावर उगवलेले डौलदार, तेल लावलेले शिंग. घरी येऊन तो ओसरीवर बसून राहिला. शोभाआक्का, त्याची थोरली बहीण, म्हशीखालून उठली, चरवी खाली ठेवली. ही बाई सासर सोडून स्वतःच्या मर्जीने माहेरी राहिली होती, आणि त्या दिवसापासून तिने कोणाच्याही मर्जीची चौकशी केलेली नव्हती.

"शिंग असू दे," ती म्हणाली. "बसून बसून माणूस कवा तरी कुणाला मारायला उठतो. तवा उपयोगी पडंल."

तो हसला नाही. मग हसला.

आणि मग, दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर, ती संध्याकाळ आली.

वादळ सामना केव्हाच हरले होते. हरले म्हणजे असे, की लोक पार्किंगच्या दिशेने चालू लागले होते. समरजितने घोटा धरला; हरताना त्याचा घोटा नेहमीच हळवा होई. प्रशिक्षकाने बाकाकडे न बघताच बोट केले. बोट वैजनाथकडे होते की पाण्याच्या बाटलीकडे, हे क्षणभर कोणालाच कळले नाही.

वैजनाथ उठला.

तो उजेड! शतसूर्य, सहस्रसूर्य, आणि एकाचीही ऊब नाही. पायांखाली मॅट, निळी-पिवळी, गुळगुळीत, निर्मळ, निर्गंध, निःशब्द. मध्यरेषेपाशी तो वाकला, सवयीने; मातीला हात लावून कपाळी लावायला. हाताला रबर लागले. त्याने रबर कपाळी लावले. श्वास कोंडला, ओठांवर मंत्र आला : कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आणि कृश, श्यामल, धनुष्याकृती बाण सुटला.

डावीकडे झुकला, उजवीकडे गेला. सातजणांची साखळी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्या फटीतून, पाण्यात चंद्र शिरावा तसा तो शिरला. रेषेपलीकडे उजवे पाऊल टेकले. डावे हवेत. टेकले, म्हणजे टेकलेच. टाच नव्हे, नख नव्हे, पुरते पाऊल.

मग तो वळला, आणि त्याने पावलाकडे बघितले.

ताकरवाडीत बघतात तसे. मान झुकवून, निवांत, विश्वासाने. पंच येईल, गुडघे टेकेल. तेवढा क्षण कोणी धरणार नाही.

मॅटवर काहीही नव्हते. निळे होते. रेषा होती. सिमेंटचे नाव होते. पाऊल नव्हते.

आणि कोपऱ्यातल्या गड्याने, ज्याच्या गावात ही रीत नव्हती, त्याचा घोटा धरला. परक्या घोट्याने वर आलेला वैजनाथ स्वतःच्या घोट्याने खाली आला. त्याच्यावर सहा देह कोसळले. ढिगाऱ्याखालून त्याचा हात बाहेर होता. रेषेकडे बोट दाखवणारा. पंचाने तिकडे बघितले, मॅटइतक्याच कोऱ्या चेहऱ्याने. दाद मागायची संघाची संधी समरजितने आधीच, कोणी आपले केस ओढले म्हणून, उधळली होती. पडद्यावर ती चढाई पुन्हा दाखवायला घेतली तोच बनियनची जाहिरात लागली.

गुण मिळाला नाही. सामन्याला त्या गुणाने काहीच फरक पडला नसता. पण सामना कोणाला हवा होता?

मॅनेजर साहेबांनी पाठीवर थाप मारून सांगितले की त्याने मॅटला दिलेला नमस्कार फार गोड आला आहे; त्याची चित्रफीत करू. आणि घोटा बरा आहे, तेव्हा सकाळची गाडी पकड.

घरी आक्काने भाकरी वाढली. ताटाकडे बघतच विचारले, "पाय टेकला हुता?"

"टेकला हुता."

"मग झालं. ठेचा घे."

झाले नव्हते. तो खात होता, पण त्याची नजर ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर होती. तिथे कोंबडीची पावले होती. कोंबडीचीसुद्धा.

तोवर गावात प्रगती येऊन ठेपली होती. दादांनी मैदानावर मॅट आणायचे योजले. आपला वाघ मॅटवर मागे पडतो, कारण गाव मातीत मागे पडले आहे, असे त्यांचे निदान. आणि निदान फ्लेक्सवर छापून आले. या खेपेला वैजनाथचा फोटो होता, शिंगासकट. छापणाऱ्याने जुन्या फ्लेक्सवरूनच फोटो उचलला होता. शिंग आता ठळक झाले होते, छपाई सुधारल्याने.

उद्घाटनाच्या सकाळी धुके होते. ऊस तोडून नेलेला, रान मोकळे, तुरे नाहीत, चवऱ्या नाहीत. नुसता जळक्या पाचटाचा काळा, कडवट, ओला दरवळ. मैदानाच्या कडेला मॅटच्या गुंडाळ्या पडल्या होत्या, प्रेतासारख्या स्वच्छ.

वैजनाथ अनवाणी आला. फक्कीची पाटी घेऊन आला. एकच रेषा मारली, बोनसची. सदरा काढून खांबाला अडकवला. मध्यरेषा जिथे असायची तिथे वाकला, माती उचलली, कपाळी लावली. माती लागली.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी. धुके डावीकडे झुकले, उजवीकडे गेले. सातजण नव्हते. रेषेपलीकडे उजवे पाऊल टेकले, डावे हवेत.

सदऱ्यात फोन वाजू लागला.

तो वळला, आणि पावलाकडे बघू लागला. पाच बोटे, टाच, मधली खोलगट कमान. कडेला माती किंचित उसवलेली. अंगठा रेषेपलीकडे. दव उतरत होते, आणि ठशात एक मंद, तपकिरी लकाकी साचत होती. आजवर पहिल्या वाजण्याला फोन उचलणारा तो माणूस बघत राहिला. फोन थांबला. पुन्हा वाजला. घोट्याला घाई असते.

शेवटी त्याने उचलला. मॅनेजर साहेब म्हणत होते की या खेपेला घोटा जास्त आहे, पुढचा अख्खा महिना. शिवाय खेळायलाही मिळेल बहुतेक, दोनतीन चढाया, नक्की नाही पण बहुतेक. हवे होते ते सगळे त्या वाक्यात होते. आणि बहुतेकही होते.

"तुमच्याकडं पाय उमटत न्हाईत, साहेब," वैजनाथ म्हणाला. "दुसरा बघा."

पलीकडून विचारले गेले की हा काय विनोद. त्याने नाही म्हणून सांगितले, आणि सदरा अंगात घातला. नदीपलीकडच्या वाडीत अजून दारिद्र्य होते, म्हणजे माती होती. तिथल्या मंडळाला एक चढाईपटू कमी होता. तो नावेच्या दिशेने चालू लागला. ओल्या वाटेवर एकामागून एक पावले उमटवत, आणि एकदाही मागे न बघता.

मग हलगी आली. दादा आले, शुभ्र, हसतमुख, भावी. बादललाही आणले होते, झूल घालून, पाहुणा म्हणून. नारळ फुटला. भाषणात माती या शब्दावर दादांनी रुमालाने डोळे टिपले, आणि खूण केली. माणसांनी गुंडाळी ढकलली. निळी, पिवळी, निर्मळ, निर्गंध मॅट मातीवरून पुढे पुढे सरकत आली. फक्कीची रेषा बुडाली, दवाची लकाकी बुडाली. टाळ्या वाजल्या.

वर चकाकते निळे, कोरे, निष्कलंक. खाली अंधारात, ओल्या मातीत, रेषेपलीकडे, एक पाऊल. उजवे, पुरते, टेकलेले.