पुड्यातलं मीठ

माझ्या सासूबाईंनी मला सवत आणायचं ठरवलं, आणि त्याला कारण झालं मीठ.

मी इंद्रायणी, घाटघरची अंगणवाडी सेविका. तीन वर्षं मी घरोघर फिरून घसा कोरडा केला होता. खडे मीठ सोडा, पुड्यातलं आयोडीनचं खा. त्यानं गळ्याची गाठ टळते, पोटातल्या बाळाचा मेंदू नीट वाढतो. बाया माना डोलवायच्या आणि जुन्नरहून टेम्पो घेऊन येणाऱ्या सत्तारभाईंना हिरडा मापून द्यायच्या, बदल्यात खडे मीठच भरून घ्यायच्या. कारण माझ्या लग्नाला पाच वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. "बाई सोता खाती त्ये मीठ. बघा की तिच्याकडं!" या एका वाक्यापुढे माझे सगळे तक्ते फिके पडायचे.

त्यात दोन हजार साली दिल्लीनं या मिठाची सक्ती उठवली. मुंबईत हमाली करून परतलेल्या सावळेरामला हर्षवायूच झाला. पेपर वाचणारा गावात तो एकटा.

"सरकारनंच हात टेकलं!" तो पारावर ओरडला. "मी मागंच म्हनलो व्हतो, बाया वांझ करायचं औशिद हाय त्यात. पेपरात डाक्टरबी लिहितोय, बाधतंय म्हनून."

डॉक्टरांनी लिहिलं होतं, की जास्त आयोडीन काही जणांना बाधतं. ते खरंच आहे, मीही नाकारत नाही. पण सावळेरामनं त्यातलं 'जास्त' गिळलं आणि 'काही जणांना' तर चावलंही नाही.

त्या रात्री जेवताना सासूबाई, झुंबरबाई, ताटाकडे बघत म्हणाल्या, "रविवारी मढला जायाचं. पोरगी बघून ठिवलीय." माझा नवरा भरत भाकरी मोडत राहिला. मला इतका संताप आला, की उरलेलं कालवण त्याच्याच डोक्यावर ओतावं!

शनिवारी मी गाव देवळात गोळा केलं. सरकारी दवाखान्यातून मिळालेली मीठ तपासायची बाटली माझ्याकडे होती. मिठावर थेंब टाकायचा; आयोडीन असेल तर मीठ जांभळं होतं. घराघरातून चिमूटभर मीठ मागवलं होतं. सुरुवात माझ्याच घरच्या डब्यापासून केली, म्हणजे बोलायला जागा नको.

थेंब टाकला. मीठ पांढरंच.

दुसरा टाकला. तरी पांढरंच. सावळेराम खो खो हसला. "बाईचं मीठबी खोटं आन् बाईबी!" उद्या मढला जाणारी जीप डोळ्यांसमोर आली.

बाटलीच बिघडली असेल म्हणून मी अंगणवाडीतला कोरा पुडा आणून सगळ्यांसमोर फोडला आणि थेंब टाकला. मीठ जांभूळ पिकल्यागत जांभळं झालं. म्हणजे बाटली ठणठणीत होती. घरच्या डब्यात मात्र पुड्यातलं मीठ नव्हतंच.

मी वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"आत्या, डब्यात काय भरता तुमी?"

"खडं मीठ," त्या पुटपुटल्या. "पाट्यावर बारीक वाटून. तू अंगनवाडीत गेली का भरायचे."

"कधीपासनं?"

"पयल्या पुड्यापासनं. तुला त्ये औशिद मी एक दिस खाऊ दिलं न्हाई. नातवंडाची आस व्हती, बाई. तरीबी कूस उजवंना, म्हनून मढची पोरगी बघितली."

तीन वर्षं मी ज्या मिठापायी बोल खाल्ले, ते माझ्या पोटात गेलंच नव्हतं. रडावं की हसावं ते कळेना. पण एक प्रश्न उरला होता, आणि तो सावळेरामनंच विचारला, बिचाऱ्यानं.

"मंग पुड्यातलं मीठ गेलं कुटं?"

"टाकून कसं द्यायचं?" सासूबाई फणकारल्या. "म्हशीच्या आंबोणात घातलं. रोज मूठमूठ."

आमच्या म्हशीला अख्खं घाटघर ओळखतं. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "अगं, ती तर दोनदा व्याली की!"

असा हशा उठला, की देवळाच्या आढ्यावरची कबुतरं उडाली. ज्या बायांनी मला बारशाला बोलवायचं टाळलं होतं, त्याच डोळे पुसत हसत होत्या. सावळेरामनं पेपरची घडी केली, बगलेत मारली आणि चपला शोधायला लागला.

मी छाती काढून उभी राहिले. "मीठ खाऊन मूल व्हतं, असं मी म्हनत न्हाई. म्हशीवरून मानसाचं ठरत न्हाई. पन मीठ न खाता मी अशी ऱ्हायले, मंग मिठाला का बोल लावता?"

सासूबाई हळूहळू उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत पुढं आल्या, जांभळ्या मिठावर वाकल्या. मग भरतकडे वळल्या.

"मढला न्हाई जायाचं," त्या सगळ्या गावादेखत म्हणाल्या. "सुनेला पाच वरसं दवाखान्यात हिंडवली, तिच्यात कायबी निघालं न्हाई. मिठातबी न्हाई. आता सोमवारी पयल्या यस्टीनं तू जुन्नरला जायाचं, भरत. सोताला तपासून ये."