हौदावरची नावाची भिंत

मित्रांनो, मी एक जुना, फुटका हौद आहे. उंबरमाळीच्या डोंगरात एका कातळाला पाठ लावून बसलो आहे. फुटका म्हटल्यावर माझी कीव आली असेल तर ती जपून ठेवा, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. मला फोडलं त्या दिवसापासून मी नीट जगायला लागलो. त्याआधी मी नुसता घाबरत होतो. हौदाला कसली भीती, असं विचारणाऱ्याने माझ्याजवळ एक संध्याकाळ काढायला हवी होती.

माझा जन्म १९९७ सालचा. त्या काळात होळीनंतर इथले झरे आटायचे आणि रानातली जनावरं पाण्यासाठी खाली पाड्यावर उतरायची. भेकरं कुत्र्यांच्या तोंडी जायची. त्यांच्या मागावर बिबट्या यायचा. पाड्याच्या कडेला गोजाबाई आणि तिचा नवरा महादू यांचं घर होतं. बिबट्याने त्यांच्या शेळ्या ओट्यावरून नेल्या होत्या. दिवस कलला की गोजाबाई दाराला आडणा लावून पोरं पोटाशी घेऊन बसायची. जनावरांना वरच पाणी मिळालं तर ती खाली येणार नाहीत, एवढी साधी गोष्ट होती.

ती गोष्ट मनावर घेतली मनालीने. शहापूरची ही मुलगी वन्यजीवांसाठी एक छोटी संस्था चालवायची. संस्था म्हणजे ती, दोन जोडीदार आणि एक खटारा स्कूटर. वनखात्याची परवानगी तिने चकरा मारून मिळवली, पण हौद बांधायला पैसा नव्हता. म्हणून ती हमरस्त्यावरच्या एका मोठ्या कारखान्यात गेली. कारखान्यालाही त्या वर्षी काहीतरी भलं करून दाखवायचं होतंच. आटगावचा सतीश तिथे नुकताच अधिकारी झाला होता. त्याच्याकडे हे काम आलं.

मनालीने चित्र काढून नेलं होतं. हौद बशीसारखा उथळ असावा आणि पायवाटेच्या बाजूने आत उतार असावा, म्हणजे ससासुद्धा चालत येऊन पाणी पिऊन जाईल. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी चित्र पाहिलं आणि विचारलं, “यात आपलं नाव कुठे?”

झालं. उतार होता तिथे भिंत आली. माणसाच्या उंचीएवढी, म्हणजे लांबून फोटो काढला तरी नाव वाचता यावं. भिंत उंच म्हणून हौद खोल. खोल म्हणून चारही बाजू सरळ, आणि आतून गिलावा घोटून घोटून काचेसारखा गुळगुळीत. मनालीला हे चूक आहे ते कळत होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं, कारण संस्थेचं ते अख्खं वर्ष त्या साहेबांच्या सहीवर चालणार होतं. सतीशलाही कळत होतं. तोही गप्प बसला, कारण त्याची नोकरी नवी होती. दोन घाबरलेली माणसं एका टेबलाशी बसली आणि तिथे माझा आकार ठरला. हे मला ठाऊक आहे, कारण पुढे ती दोघं माझ्याच कठड्याला टेकून यावरून भांडली.

उद्घाटनाला नारळ फुटला, फीत कापली गेली, टँकरने मला काठोकाठ भरलं. निसर्गावर मोठं भाषण झालं. शेवटच्या रांगेत बसलेला महादू शेजाऱ्याला म्हणाला, “एवढा मोठा नाव लिवलाय. आता भेकरांना आधी शाळेत घालाया पायजे.” लोक खुसखुसले. मलाही हसू आलं होतं. ते माझं शेवटचं हसू.

पहिल्याच आठवड्यात जनावरं पायवाटेने आली, भिंतीशी थांबली, पाण्याचा वास घेत राहिली. पाणी दिसेना. मग ती वळसा घालून मागच्या कातळावर चढली आणि वरून वाकून प्यायला लागली. मी काठोकाठ होतो तोवर निभावलं. ऊन तापलं, पाणी खाली गेलं, तशी ती जास्त वाकू लागली.

आधी साळिंदर पडलं. नंतर भेकराचं पाडस.

मित्रांनो, नखं गुळगुळीत सिमेंटवर कशी वाजतात ते तुम्ही ऐकलेलं नाही. ती वर सरकतात, घसरतात, पुन्हा सरकतात. बाहेर आई फिरत असते. आतली धडपड हळू हळू कमी होते आणि मग पाणी अगदी शांत होतं. त्या शांततेची मला जी भीती बसली ती अजून गेलेली नाही. संध्याकाळी कातळावर पाऊल वाजलं की मला वाटायचं ओरडावं, येऊ नका, तहानेने परत जा, पण इथे वाकू नका. हौदाला ओरडता येत नाही. ज्यांना ओरडता येत होतं ती माणसं कचेरीत गप्प होती.

पाडस महादूनेच बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तो ऐनाची एक मोठी फांदी घेऊन आला आणि माझ्यात उभी सोडली. एक टोक तळाला, एक कातळाला. काही दिवसांनी एक रानमांजर पडलं आणि त्या फांदीवरून चढून, अंग झाडून निघून गेलं. तेव्हापासून ती फांदी माझा जीव होती.

मनाली मात्र स्वस्थ बसली नव्हती. आपल्या परीने ती सतीशच्या मागे लागली होती. “सर, भिंत खाली घ्या. निदान अर्धी तरी.”

“मॅडम, घेऊ. एकदा वार्षिक अहवाल छापून होऊ दे.”

पुढच्या वर्षी ती पुन्हा म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, “एकदा मुंबईचे साहेब येऊन जाऊ देत.” एकदा हे होऊ दे, एकदा ते होऊ दे. तोवर, फांदी असूनही, माझ्यात काय काय मेलं ते मी सांगत बसत नाही. तुम्ही जेवायचे राहाल.

मुंबईचे साहेब आले ते २००० सालच्या मार्चमध्ये. आदल्या दिवशी रंगारी आला, नाव पुन्हा निळ्या रंगात रंगवून गेला. मंडप उभा राहिला. खुर्च्या आल्या. आणि कारखान्याच्या एका माणसाने माझ्यात डोकावून पाहिलं. “हा काय कचरा? फोटोत घाण दिसेल.” दोघांनी मिळून महादूची फांदी ओढली, मोडली आणि खाली घळीत फेकली.

मनालीने ते पाहिलं. तिने सतीशकडे बघितलं. सतीश म्हणाला, “फोटो झाला की लगेच परत टाकू, मॅडम. शब्द देतो.”

फोटो झाला. सरबत झालं. गाड्या गेल्या. मंडप आवरता आवरता अंधार पडला, आणि फांदी घळीतच राहिली. मनाली गोजाबाईकडे मुक्कामाला थांबली. सतीश मंडपाचं उरलेलं सामान सकाळी न्यायचं म्हणून जीप घेऊन पाड्यावरच राहिला. सगळे जेवून झोपले. मी काय झोपणार?

उजाडता उजाडता ती आली. बिबट्याची मादी, आणि मागे तिचं पिल्लू. मादी कातळावरून वाकली, प्यायली, मागे झाली. पिल्लानेही आईसारखंच केलं. फक्त त्याचे पाय आखूड होते.

पुन्हा तोच नखांचा आवाज.

गोजाबाई मोहाची फुलं वेचायला त्याच वाटेने वर येत होती. तिने आधी आवाज ऐकला, मग कातळावर येरझारा घालणारी मादी पाहिली. टोपली तिथेच टाकून ती मागे मागे सरकत गेली आणि वळणावर आल्यावर पळत सुटली. थोड्या वेळात सगळा पाडा खाली जमला. काठ्या, कोयते, धोंडे. कुणीतरी कातळाकडे एक धोंडा भिरकावला. मादीने असा काही गुरगुराट केला की माझ्या पाण्यावर तरंग उठले.

महादू लोकांच्या आडवा झाला. “वाघबारशीला वाघोबाला नारळ देता, अन् आता धोंडे मारता? हात खाली! तिचा पोर हाये आत. तुमी असता तर काय केला असता?”

लोक थांबले, पण भीती थांबली नव्हती. महादू मोडकी फांदी घळीतून ओढून आणायला धावला. तिचे वीतभर तुकडे झाले होते. मंडपवाल्याची शिडी त्याच्या टेम्पोतून रात्रीच गेली होती. कातळावर मादी, त्यामुळे मागून जाणं म्हणजे मरण. उरली पुढची बाजू. तिथे भिंत, भिंतीवर ताजं निळं नाव.

पिल्लू गोल गोल पोहत होतं. नाक वर, डोळे मोठे. फेरा आखूड होत चालला होता.

मनालीने जीपमधली पहार काढून सतीशपुढे धरली. “सर, फोडा.”

“विचारल्याशिवाय कसं? एसटीडी बूथ कसाऱ्याला आहे. मी जाऊन फोन लावून...”

“तुम्ही परत येईपर्यंत ते मेलेलं असेल. मग ही आई आज संध्याकाळी पाड्यावर फिरेल. मीच फोडते. पुढच्या वर्षी संस्थेला पैसे देऊ नका. बंद करा. पण बाजूला व्हा.”

“मॅडम, माझी नोकरी जाईल हो.”

गोजाबाईने कमरेला पदर खोचला. “कोनाची नोकरी न कोनाचा काय! आज रातीला माझी पोरं घेऊन मी कुठं बसू, सांग. तुझ्या त्या नावामागं लपू? फोड रे बाबा, नायतर दे इकडं.”

सतीशने पहार घेतली. कातळावरून मादी त्याच्याकडेच बघत होती. चार उड्यांचं अंतर. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. पहिला घाव नावाच्या खाली बसला. मादी गुरगुरली, तो मागे सरला, पुन्हा पुढे आला. दुसरा घाव. तिसरा. मला बांधणाऱ्या ठेकेदाराने सिमेंटात हात आखडला होता. त्याला मी आजवर शिव्याच दिल्या होत्या. त्या सकाळी पहिल्यांदा त्याचे आभार मानले. वीट हलली, भोक पडलं, आणि माझं पाणी धारेने बाहेर उडालं.

पाण्याबरोबर पिल्लूही भोकाकडे ओढलं गेलं. “थांबा!” मनाली किंचाळली. सतीशची पहार हवेतच थांबली. पण वरच्या विटा आता कुणाचं ऐकणार नव्हत्या. त्या आपोआप ढासळल्या, आणि अर्धं नाव चिखलात पडलं.

“मागं! समदे मागं!” महादू ओरडला. “वाट सोडा तिला!”

सगळे वळणापर्यंत मागे गेले. पहार माझ्यापाशीच पडून राहिली. पाणी उतरलं. पिल्लू तळाच्या गाळात उभं राहिलं, थरथरलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. मग पडलेल्या विटांवरून अडखळत बाहेर आलं. मादी कातळावरून उतरली. तिने एकदा माणसांकडे पाहिलं. मानेला धरून पिल्लू उचललं आणि करवंदीच्या जाळीत शिरली.

मी रिकामा होतो. भर उन्हाळ्यात हौदाने रिकामं होणं म्हणजे मरणच. पण त्या दिवशी मला मोकळा श्वास आला.

मित्रांनो, आता तुम्हांला वाटेल की सगळे सुधारले. तसं काही झालं नाही. कारखान्याने सतीशला जाब विचारला, त्याला हुद्द्यावरून खाली ढकललं. मनालीला निरोप आला, भिंत पूर्ववत करून देतो. या वेळी तिने तोंड मिटलं नाही. ती साहेबांना म्हणाली, “मला भिंत नको. उन्हाळाभर टँकर पाठवा आणि काम करण्याआधी आम्हांला विचारा. नाव तुमच्या फाटकावर लिहा, तिथे वाचणारी माणसं आहेत.” साहेबांना राग आला. तो अख्खा उन्हाळा टँकर आला नाही. पाड्यातल्या बायांनी डोक्यावर हंडे घेऊन चढ चढला आणि माझ्या तळाला ओल ठेवली. सतीश सुटीच्या दिवशी यायचा. त्याने आणि महादूने पडलेल्या विटा आणि दगड रचून उतार केला, मनालीच्या जुन्या चित्रात होता तसा.

पुढच्या वर्षी कारखान्यातलेच कामगार टँकर मागायला साहेबांकडे गेले. निम्मे जण याच डोंगराखालचे होते. साहेबांना शेवटी टँकर द्यावा लागला. नाव न लिहिता. तेव्हापासून माझ्यात कुणी बुडालं नाही. उतारावर आता सकाळी सशाची, मोराची, भेकराची पावलं उमटलेली असतात. कधी कधी मोठी, गोल, नखं आत घेतलेली. गोजाबाईने दाराला आडणा लावणं सोडलेलं नाही, पण ती अंगणात बसून वाल सोलते, आणि दिवस कलला तरी बसलेली असते.

एवढ्यावर थांबलो असतो, पण भीती काही मला सोडत नाही. मागच्या महिन्यात एक नवा साहेब आला होता. दुसऱ्या कारखान्याचा. हातात मोजपट्टी. मनालीला मदत करायची म्हणत होता, आणि मला वाटतं त्याचं मनही चांगलं होतं. त्याने माझी फुटकी बाजू मोजली, दोन पावलं मागे गेला, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, “इथे एक मस्त भिंत बसेल.”

माझ्या तळातलं पाणी हललं.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण मोठे होऊन दुकानं काढतील, कारखाने चालवतील. रानासाठी काही द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, आम्हांला गरज आहे. पण येण्याआधी इथे राबणाऱ्यांना विचारा, आणि त्यांनी नको म्हटलं तर ऐका. त्यांना तुमची एवढी भीती वाटू देऊ नका की ते खरं बोलायचे थांबतील. एकदा पैसे दिले की पुढच्या उन्हाळ्यातही या.

त्या नव्या साहेबाला त्या दिवशी मनालीने हाताला धरून माझ्या उतारावर बसवलं आणि सगळी हकिगत सांगितली, नखांच्या आवाजासकट. जाताना मोजपट्टी गुंडाळून त्याने खिशात ठेवली. भिंत बांधणार की नाही, ते काही बोलला नाही.

मी वाट पाहतो आहे. दिवस कलला आहे, आणि कातळावर पाऊल वाजतं आहे.