तोरुनचं पथ्य

"दिवसाला चार अंडी?" गुनवोरला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चूक होतेय.

"नुसता पिवळा बलक. नळीतून. जोडीला साय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सात वर्षांची तोरुन आईच्या मांडीवर कण्हत होती. ती बोलत नव्हती, चालत नव्हती, पोटाला लावलेल्या नळीतून जेवत होती. आजवर चार डॉक्टर झाले होते. या पाचव्या बाईंनी मागच्या खेपेला तिचे मोजे काढून पायाची जुळलेली बोटं पाहिली होती आणि रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं होतं. आज त्याचा निकाल आला होता.

"पण कोलेस्टेरॉल वाईट ना? माझा नवरा त्याच्यावर गोळ्या घेतो."

"त्याच्याकडे जास्त आहे. हिच्या शरीराला ते नीट बनवताच येत नाही. प्रत्येक पेशीला पातळ भिंत असते, ती कोलेस्टेरॉलमुळे धड राहते. हिच्या भिंती कच्च्या आहेत."

गुनवोर मासळीच्या कारखान्यात कॉड चिरायची. पाळीला जाण्याआधी ती बलक वेगळे काढू लागली. उरलेलं पांढरं नवऱ्याच्या, ओडवारच्या ताटात जायचं.

"नातीला अंडी आणि लेकाला गोळ्या!" सासू म्हणाली. "तुमच्या डॉक्टरांचं एकदा काय ते ठरू दे गं बाई."

तीन महिन्यांत तोरुनचं वजन दोन किलोंनी वाढलं. उन्हात भाजून निघणारी कातडी भाजेनाशी झाली. एका सकाळी ती खिडकीकडे बघून चक्क हसली. गुनवोर धावतच दवाखान्यात गेली.

"आता बोलेल ना ती?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पोटातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही. मेंदूला स्वतःचं स्वतःच बनवावं लागतं."

"मग हे सगळं कशासाठी?"

"तिला त्रास कमी व्हावा म्हणून."

घरी तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. बलक मात्र एक दिवसही चुकवला नाही.

नोव्हेंबरात तोरुनला ताप भरला. छातीत कफ दाटला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मार्चमध्ये बर्गनच्या प्रयोगशाळेतून पत्र आलं. तोरुनच्या दंडाची चण्याएवढी कातडी अभ्यासासाठी घेतली होती. त्या कातडीतल्या पेशी काचेच्या बशीत अजून वाढत होत्या. ठेवायच्या का, एवढंच विचारलं होतं.

"नको म्हणून कळव," ओडवार म्हणाला. "किती वेळा पुरायचं तिला?"

गुनवोरनं काही कळवलं नाही. सुट्टी काढून ती स्वतःच गेली. तिथल्या पिकल्या केसांच्या बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. भिंगाखाली लांबट, काचेसारख्या आकृत्या एकमेकींना टेकून पसरल्या होत्या.

"दुखतं का यांना?"

"नाही हो. दुखायला जे लागतं, ते इथं काहीच नाही."

गुनवोर बराच वेळ डोळा लावून बसली. मग तिनं कागदावर सही केली. पेशी ठेवा म्हणाली. आणि पुन्हा भिंगावर वाकली.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "माझी जेवायची वेळ झाली. यांना पुन्हा उबेच्या पेटीत ठेवायचंय..."

"थोडा वेळ चालेल का? तुम्ही जेवून या. मी बसते हिच्यापाशी."

बाईंनी बशी भिंगाखालीच राहू दिली. जाताना त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं.