आईला बोलवा

ताईने चौथा चौकोन ओढून खाली आणला, तसा वरचा बाण निसटून पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

"तुला काय धाड भरली?" ती लॅपटॉपवर खेकसली.

तक्ते काढून देणारं हे तिसरं संकेतस्थळ. पहिल्यावर नुसते रंगीत फुगे आणि फांद्या, दुसऱ्यावर मराठी अक्षरांचा चुराडा. तिला हवा होता कारखान्याच्या भिंतीवरचा साधा तक्ता: यंत्र अडलं तर हे बघा, हो तर इकडे, नाही तर तिकडे. पॅकिंग विभागात असे तक्ते तिने ढिगाने केले होते. इथे यंत्राच्या जागी तिचा मुलगा होता. बावीस वर्षांचा, दारात न मावणारा, शब्द मात्र मोजके. डॉक्टर आता तिच्याशी वर्षांच्या नव्हे, महिन्यांच्या भाषेत बोलत होते. तिच्यामागे त्याला तिची धाकटी बहीण सांभाळणार होती, तक्ता तिच्यासाठीच.

"ओरडायला लागला तर?" धाकटीने खुर्ची जवळ ओढली.

"शर्टाचं लेबल टोचतंय का बघ."

"टोचत नसेल तर?"

"दिवा मालव."

"तरी नाही थांबला तर?"

ताईने बोट ठेवलं. सगळ्या वाटा फिरून फिरून तळाच्या एकाच चौकोनात येत होत्या: आईला बोलवा.

धाकटीने मान खाली घातली.

"हा काढायचा," म्हणत ताईने तो खोडला. सगळे बाण अधांतरी लोंबकळले. तिने कपाळावर हात मारला. "आता बसा एकेक जोडत!"

"थांब ना ताई."

धाकटीने खोडलेला चौकोन परत आणला आणि 'आईला' पुसून तिथे 'मावशीला' लिहिलं. एकही बाण जागचा हलला नाही.

"झालं?" ताईला वाटलं होतं, निदान अख्खी दुपार तरी जाईल.

"झालं गं."

तिला त्या गुणी बाणांचा भयंकर राग आला.

तेवढ्यात आत काहीतरी आपटलं आणि तो ओरडला, "आई!"

ताई अर्धी उठलीच होती. धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू बस. मी बघते."

ती आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला, मग दिव्याचं बटण. ताई टेबलाची कड धरून दुसऱ्या हाकेची वाट बघत बसली.

हाक आली नाही. हेच तर तिला हवं होतं. तोंडावर हात दाबून ती रडायला लागली, आत ऐकू जाऊ नये म्हणून.