अमावास्येला आलेला कोश

“रिकामटेकड्यांच्या सोयीनं वाचनालय चालवताय, आणि विणकरापर्यंत पुस्तक नेणाऱ्याला चोर ठरवताय!”

वाचनालयाच्या सभेत यमनाप्पा कडाडला. खुर्च्यांवरची पागोटी हलली. कोपऱ्यात पुस्तकं सांभाळणारे आण्णाप्पा गुरुजी मान खाली घालून बसले होते. इंग्रजी कोश बाहेर नेला म्हणून आज त्यांची नोकरी जायची होती.

नेला होता, खरंच. विणकरांच्या वडगावात, यमनाप्पाच्याच घरी.

वाचनालय दिवेलागणीला बंद व्हायचं, मागही तेव्हाच थांबायचे. अमावास्येला मागाला सुट्टी, तर वाचनालयालाही सुट्टी! गोऱ्या पलटणीच्या कॅम्पातल्या पाट्या वाचून इंग्रजी शिकलेल्या यमनाप्पानं जायचं कधी? म्हणून गेल्या अमावास्येला गुरुजीच कोश काखेत मारून आले.

“काय बघायचं रं?”

“नाउ. ‘आता’ म्हणायला गोरे ‘नाउ’ का म्हणत्यात?”

गुरुजींचं बोट ओळींवरून सरकलं. हजार वर्षांमागच्या इंग्रजीत ‘नू’. त्याआधी जर्मन कुळीच्या बोलीत ‘नु’. लॅटिनात ‘नुंक’. आणि वेदातही ‘नु’!

“म्हंजे सायबानं आमचाच शब्द चोरला!” यमनाप्पानं मांडीवर थाप मारली.

“न्हाय रं येड्या. संस्कृत इंग्रजीची आई न्हवं, थोरली भैन म्हण. दोघींची आई त्याहून जुनी. तिची एक ओळ कुणी लिहून ठेवलेली न्हाय.”

“मग ती होती हे कळलं कसं?”

गुरुजींनी मागाकडं बोट केलं. जुन्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, उरलेल्या टोकांना नवा ताणा धाग्याला धागा पिळून जोडायचं काम काल अर्धवट राहिलं होतं.

“हितलं लुगडं कुठाय?”

“विकलं की.”

“मग ही टोकं कुणाची?”

“त्याच लुगड्याची!” चुलीपाशी बसलेली अंजनी नवऱ्यावर ओरडली. “जलम मागावर गेला, एवढं कळंना व्हय तुमास्नी?”

गुरुजी खदखदून हसले. “तसंच हाय रं. आई गेली, पर ‘नु’, ‘नुंक’, ‘नाउ’ ही तिची टोकं उरली!” यमनाप्पानं मात्र त्यांचे पाय धरले. गोऱ्या शिपायाच्या तोंडातल्या एका शब्दाला धरून तो माणूस त्याला कुठल्या कुठं घेऊन गेला होता. आणि बदल्यात मागितला काय, तर कपभर चहा.

“नियम तो नियम,” आज सभेत अध्यक्ष म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या तुमचा नियम! कोश फाटला? मळला? ह्या माणसानं आपली सुट्टी आमच्यासाठी घालवली. त्याचे उपकार आमच्यानं फिटायचे न्हाईत, आणि आमाला फेडायचेबी न्हाईत. जलमभर डोक्यावर वागवू.”

त्याच्या मागं, दाराशी, चालू माग सोडून आलेले विणकर उभे होते. यमनाप्पानं टेबलावर हात टेकले.

“गुर्जींनी गुन्हा केला कंचा? कागदावरचा न्हाय, खरा सांगा. आमी थांबलोय हितं. बोला!”